केळीची पॅकहाऊस सेवा, रावेर-यावल पट्टा: हाताळणी चोख, गारवा कच्चा

रावेर, यावल, चोपडा भागात केळी बॉक्समध्ये भरून देणारी पॅकहाऊसं आता बरीच झालीत. कामगारांची टोळी बांधावर येते, घड उतरवते, पॅकहाऊसला नेऊन फण्या सोडवते, धुते, तोलून भरते. हा आढावा कुठल्या एका पॅकहाऊसचा नाही, पट्ट्यातल्या एकूण सेवेचा आहे. पाचपैकी तीन गुण.

हाताळणीला पूर्ण गुण. घड जमिनीला टेकत नाही. खांद्यावर फोमची गादी, ट्रॉलीतही गादी. फणी कापली की दहा-पंधरा मिनिटं कापलेली बाजू खाली ठेवून चीक गळू देतात, मग पहिल्या टाकीत धुणं, दुसऱ्या टाकीत तुरटीचं पाणी. पहिल्या टाकीचं पाणी दिवसभर तेच राहिलं तर चीक पुन्हा सालीवर बसतो आणि पिकल्यावर काळे ओघळ दिसतात, म्हणून दुपारी पाणी बदललं का एवढं विचारून घ्या. याउलट बॉक्सशिवाय जाणाऱ्या सुट्या मालाच्या ट्रकात घडावर घड रचून मध्ये पाला कोंबतात. दिल्लीला पोचेपर्यंत खालच्या थराचं काय होतं ते वेगळं सांगायला नको.

गुण जातात ते थंड करण्यात. केळी १३ अंशांवर जायला हवी. त्याच्याखाली गेली तर साल आतून काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ला जातो. दुपारी कापलेल्या केळीचा गर ३५च्या वर असतो. तो माल तसाच बॉक्समध्ये भरून साध्या कोल्डरूममध्ये ढकलला तर बाहेरचे बॉक्स गार होतात, पॅलेटच्या, म्हणजे फळीवर रचलेल्या थप्पीच्या, मधले दुसऱ्या दिवशीही कोमटच. हवा जोराने बॉक्समधून ओढणारं प्रीकूलिंग असेल तर हेच काम काही तासांत होतं. ते नसताना ‘प्रीकूलिंग आहे’ म्हणून सांगणारी ठिकाणं आहेत. तपासायला सोपं: सुईचा थर्मामीटर पॅलेटच्या मधल्या बॉक्समधल्या केळ्यात खुपसायचा. भिंतीवरचा आकडा खोलीच्या हवेचा असतो. आणि वीज गेल्यावर जनरेटर फक्त दिव्यांना आहे की कॉम्प्रेसरलाही, हे आधीच पाहून ठेवा.

आता खरी अडचण. ६ बाय ५ फुटांवर एकरी १४५२ खोडं बसतात. २२ किलोचा घड धरला तर जवळपास ३२ टन. त्यातला ७० टक्के माल बॉक्सचा निघाला तर साडेतेरा किलोचे साधारण १६५० बॉक्स होतात, आणि चाळीस फुटी रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमध्ये १५४० बसतात. म्हणजे एक एकर, एक कंटेनर? तसं होत नाही, कारण बाग एकदम कापायला येत नाही. एका कापणीला चौथा हिस्सा घड तयार असले तर चारशेच्या आसपास बॉक्स. उरलेल्यासाठी तीन-चार शेतकऱ्यांचा त्याच वयाचा, त्याच निगेचा माल त्याच दिवशी लागतो. गावात एकाची मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड), दुसऱ्याची कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), तिसऱ्याची पिलबाग (आधीच्या खोडाच्या पिलांवर धरलेली), जुळायचं कसं? मग टोळी बसून राहते, किंवा पहिला माल कोल्डरूममध्ये दुसऱ्याची वाट बघतो. टिश्यू कल्चर आणि ठिबकने शेतात जे कमावलं ते इथे गळतं. मशीन नवं घेतलं तरी दिवसाला माणशी बॉक्स तेवढेच.

हेच पीक, हेच ग्रँड नैन वाण घेऊन सोलापूर जिल्ह्यातलं कंदर आपल्यामागून आलं आणि निर्यातीत पुढे गेलं. त्यांना न्हावा-शेवा बंदर जवळ. रावेरहून चारशे किलोमीटरच्या वर. पण अंतराच्या नावावर सगळं खपवता येणार नाही. आपल्याकडे सुट्या मालाची व्यवस्था फार मुरलेली आहे: बाजार समितीच्या बोर्डाचा भाव, त्यावर फरक, दलालाची उचल, उत्तरेचा ट्रक. रास (चांगला माल) काय नि वापसी (हलका माल) काय, सगळं खपतं, मग घडावर स्कर्टिंग बॅग (घड झाकणारी पिशवी) चढवायची आणि केळफूल मोडून आठ-नऊच फण्या ठेवायची मेहनत कोण करणार? २०१६ला जळगावच्या केळीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, २०२१ला तांदलवाडीचा माल त्या शिक्क्यावर दुबईला गेला. शिक्क्याने बॉक्स भरत नाहीत.

सरकारी बाजूने खानदेशची गंमत अशी की १९९४ला विकास मंडळं झाली तेव्हा विदर्भ, मराठवाडा वेगळे धरले आणि आपण पुण्याबरोबर ‘उर्वरित महाराष्ट्रा’त गेलो. विकासाची सरासरी पुण्यासकट निघते, त्यात नंदुरबार दिसतच नाही. तिथला मजूर ऊसतोडीला गुजरातेत जातो आणि इकडे पॅकिंगच्या टोळ्या बऱ्याचदा बंगाल-बिहारहून आणाव्या लागतात. फणी सोडवायचं काम शिकायला काही वर्षं लागत नाहीत, शिकवणारं कोणी नाही.

घ्यायची का ही सेवा? लागवड शेजाऱ्यांशी जुळवलेली असेल, बॅगा चढवलेल्या असतील, तर जरूर घ्या. नसेल तर बॉक्ससाठी नाकारलेला उरलेला माल वापसीच्या भावात जाईल आणि सगळा माल सुटा विकण्यापेक्षा पट्टी (हाती येणारी रक्कम) कमीच येईल. ठरवताना तीन गोष्टी लिहून घ्या: नाकारलेल्या मालाचं वजन कोणासमोर होणार, घडाच्या दांड्यापोटी वजनात घट किती धरणार, आणि कंटेनर भरला नाही तर कोल्डरूमचं भाडं कोणाच्या अंगावर. उन्हाळ्यात कापणी पहाटेच सुरू करायला लावा. दहाच्या पुढे टोळी आली तर त्या दिवशी कापू देऊ नका.