युनिकोडमधील ठोकळाचिन्हे: वापरून पाहिल्यावर

टीआरएस-८० व कमोडोर पेट हे जुने संगणक आणि टेलिटेक्स्ट ही टीव्हीवरची मजकूरसेवा यांच्या पडद्यावरची चित्रे ज्या ठोकळ्यांनी रंगवली जात, ते ठोकळे युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षर-चिन्हाला क्रमांक (संकेतांक) देणाऱ्या प्रमाणसंचाच्या, मार्च २०२० मधील १३.० या आवृत्तीने ‘सिम्बॉल्स फॉर लेगसी कम्प्युटिंग’ या विभागात आणले. पहिल्या खेपेच्या २१२ चिन्हांपैकी मला सर्वाधिक उपयोगी पडली ती षट्खंड चिन्हे. अक्षराच्या जागेचे दोन स्तंभ आणि तीन ओळी असे सहा तुकडे कल्पून त्यांतले कोणते भरायचे, हे प्रत्येक चिन्ह सांगते. त्यामुळे ८० स्तंभ व २४ ओळींच्या टर्मिनलमध्ये (फक्त मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत) १६० × ७२ ठिपके हाती येतात आणि आलेख किंवा लहानसे चित्र साधा मजकूर म्हणून साठवता व पाठवता येते. मात्र एका जागेत दोनच रंग बसतात, ही जुनी अडचण कायम आहे.

प्रोग्रॅम लिहिताना एक गोष्ट खटकते. सहा तुकड्यांच्या ६४ जुळण्या होतात, पण येथे ६०च आहेत, कारण कोरी जागा, पूर्ण ठोकळा, डावा अर्धा आणि उजवा अर्धा यांना आधीच संकेतांक होते. एका आकाराला दोन संकेतांक न देणे योग्यच. तरी बिटांवरून (भरलेला तुकडा १, रिकामा ०) संकेतांक काढताना २१ आणि ४२ या जुळण्यांपाशी, म्हणजे डाव्या व उजव्या अर्ध्यापाशी, क्रम खंडित होतो आणि अपवाद लिहावे लागतात. ब्रेलच्या २५६ चिन्हांत ही कटकट नाही, पण त्यांचे ठिपके सुटे दिसतात, भरीव रंग लागत नाही.

मोठी निराशा दिसण्याच्या बाबतीत झाली. माझ्या नेहमीच्या टर्मिनलने आधी रिकाम्या चौकटी दाखवल्या आणि ही चिन्हे असलेला फॉन्ट बसवल्यावर ओळींमध्ये बारीक फटी उरल्या, कारण फॉन्टमधील ठोकळ्याची उंची आणि टर्मिनलच्या ओळीची उंची जुळत नव्हती. किटी आणि फूट ही टर्मिनल्स असे आकार फॉन्टकडून न घेता स्वतः रेखाटतात. तेथे चित्र एकसंध दिसले आणि मगच या चिन्हांचे मोल कळले.

सप्टेंबर २०२४ मधील युनिकोड १६.० च्या पुरवणी विभागात दोन स्तंभ व चार ओळींची अष्टखंड चिन्हेही आली असून ८० × २४ च्याच टर्मिनलमध्ये १६० × ९६ ठिपके मिळतात. स्वतःच्या यंत्रापुरती मी ती वापरतो. दुसऱ्याला पाठवायच्या फाइलीत मात्र अजून अर्धे ठोकळेच ठेवतो, कारण आयबीएम पीसीच्या संकेतसंचापासून चालत आलेले ते आकार बहुतेक फॉन्टांत सापडतात.