एस-ट्रेस: चाइल्ड प्रोसेस आणि सिग्नलच्या भानगडीत किती कामाचं?

नागपुरात कळमन्याच्या बाजूला एका गोदामात ट्रकचा धरमकाटा आहे. वजन झालं की लिनक्सवरचा प्रोग्राम फोर्क करतो, म्हणजे स्वतःची प्रत काढून चाइल्ड प्रोसेस (पोर) जन्माला घालतो, आणि ती पावती छापून संपते. एरवी सगळं सुरळीत चालायचं. आंबिया बहाराच्या संत्र्याच्या गाड्या लागल्या की दुपारपर्यंत काटेवाल्याचा फोन यायचा, "भाऊ, काटा चालू आहे, पण पावती निघून नाही राहिली." प्रोग्राम ज्यांनी बनवून दिला त्यांचा सल्ला एकच, मशीन रिस्टार्ट करा. आजार जागेवरच राहायचा.

चालू प्रोसेसची यादी देणारं पीएस लावलं तर झॉम्बींची रांग, म्हणजे संपलेली, पण पॅरेंटने (मूळ प्रोग्रामने) हिशेब न मिटवलेली पोरं. त्यामुळेच प्रोसेसची मर्यादा भरून फोर्क नापास होत होता, हे कळलं. झॉम्बी का साचतात, हे मात्र प्रोग्रामच्या लॉगमध्ये कुठेच नव्हतं. ते दाखवलं एस-ट्रेसने. प्रोग्राम कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, काय काय मागतो (सिस्टम कॉल) आणि त्याला कोणते सिग्नल येतात, हे ओळीने दाखवणारं हे टूल.

चालू पॅरेंटला -पी देऊन जोडलं, सोबत -एफ, म्हणजे पुढे जन्मणाऱ्या पोरांचाही माग निघतो, आणि -टीटी, म्हणजे प्रत्येक ओळीला मायक्रोसेकंदापर्यंतची वेळ. तीन पावत्या एकदम छापून झाल्या तेव्हाचा तुकडा अजून डोळ्यासमोर आहे: तीन 'एक्झिटेड विथ ०', त्यांच्यामागे सिगचाइल्ड (पोर संपल्याचा सिग्नल) मात्र दोनच, आणि वेट४ (पोराचा हिशेब मिटवणारा कॉल) सुद्धा दोनच. तिसऱ्या पोराचा हिशेब कोणी मिटवलाच नाही. पहिल्या सिग्नलचा हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन, चालू असताना सिगचाइल्ड ब्लॉक, म्हणजे अडवलेला असतो. त्या वेळात दोन पोरं संपली तरी पेंडिंग एकच राहतो, कारण साधे सिग्नल रांगेत साठत नाहीत. हँडलरमध्ये वेटपीआयडी, जे एस-ट्रेसमध्ये वेट४ म्हणून दिसतं, एकदाच बोलावलं होतं. तिथे -१ (कोणतंही पोर) आणि डब्ल्यूनोहँग (थांबून राहू नको) देऊन, संपलेलं पोर उरत नाही तोवर लूप फिरवला. त्यानंतर गाड्यांची रांग कितीही लांब लागो, पावती अडली नाही.

सिगचाइल्डच्या ओळीत संपलेल्या पोराचा पीआयडी असतो, शिवाय ते आपण होऊन संपलं की कोणी मारलं, हेही असतं. मला या टूलमधलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. "प्रोसेस आपोआप गेली" असं कोणी म्हटलं की मी आधी ही ओळ शोधतो.

दुसरी भानगड वारसाहक्काची. एक्झेक झाल्यावर, म्हणजे पोरात नवा प्रोग्राम चढल्यावर, हँडलर पुसले जातात, पण इग्नोर केलेले सिग्नल आणि ब्लॉक केलेल्या सिग्नलचा मास्क (यादी) तसाच पुढे जातो. सिगटर्म, म्हणजे बंद व्हायला सांगणारा सिग्नल, पाठवूनही पोर मरत नसेल तर फोर्कच्या आधी आरटी-सिगप्रॉकमास्क (मास्क बदलणारा कॉल) कुठे आलंय ते एस-ट्रेसमध्ये बघा. प्रॉकमधल्या स्टेटस फाइलीत सिगबीएलकेसमोर हेक्समध्ये ४००० दिसलं तर पंधरावा सिग्नल, म्हणजे सिगटर्मच, अडवलेला आहे.

आता उणिवा. हे पीट्रेसवर, म्हणजे कर्नलच्या डीबगिंगच्या सोयीवर, चालतं, म्हणून प्रत्येक सिस्टम कॉलला प्रोसेस दोनदा थांबते. गर्दीच्या सर्व्हरवर हे चांगलंच जाणवतं, आणि वेळेचं गणित हलल्यामुळे कधी कधी रेस, म्हणजे वेळ जुळून आली तरच होणारी चूक, दिसेनाशीच होते. -ई ने फक्त प्रोसेस आणि सिग्नलचे कॉल निवडले तर पडद्यावरचा पूर आवरतो. नवीन आवृत्तीत सोबत सेककॉम्प-बीपीएफचा (निवडलेल्या कॉललाच थांबवणारा) पर्याय दिला तर वेगही बराच सुधारतो, पण तो -पी ने जोडलेल्या प्रोसेसला लागू होत नाही. उबुंटूवर साध्या युजरने दुसऱ्या चालू प्रोसेसला जोडायला गेलं की परवानगी नाकारली जाते. तिथे सुडो, म्हणजे ॲडमिनचे अधिकार, लागतं.

आमच्याकडे आयटी पार्कात नवीन आलेली पोरं सिग्नलने मधेच तोडलेल्या कॉलसमोर ईरीस्टार्टसिस बघून घाबरतात. ती कर्नलची आतली खूण आहे, प्रोग्रामला ती कधीच मिळत नाही. हँडलर एसए-रीस्टार्ट या पर्यायाने लावला असेल तर असा कॉल पुन्हा सुरू होतो, नाहीतर प्रोग्रामला ईआयएनटीआर (कॉल मधेच तुटल्याचा एरर) मिळतो. हे एकदा नीट सांगितलं की त्यांचा अर्धा गोंधळ मिटतो.

१९९१ मध्ये पॉल क्रॅनेनबर्ग यांनी सनओएससाठी लिहिलेलं हे टूल आजही फुकट आहे आणि एपीटीने लगेच बसतं. मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो एवढ्यासाठी, की कर्नलच्या दारापलीकडे प्रोग्रामच्या आत काय चाललंय हे याला दिसत नाही. हँडलरमध्ये कोणी प्रिंटएफ किंवा मॅलॉक लिहिलं आणि तिथेच लॉक अडकला, तर इथे फ्यूटेक्सवर (लॉकची वाट बघणारा कॉल) थांबलेली एक ओळ दिसेल, बस. तिथून पुढे जीडीबी हा डीबगर लावून बॅकट्रेस, म्हणजे कोणतं फंक्शन कुठून बोलावलं गेलं याची यादी, काढा.