पोलीस लिलावातली बुलेट २८ हजारांत? पैसे नेमके कुठे बुडतात ते वाचा

पोलीस स्टेशनच्या आवारात टायर मातीत रुतलेल्या, सीटवर पालापाचोळा साचलेल्या गाड्यांची रांग सगळ्यांनी पाहिलेली असते. ‘या गाड्या कधीतरी लिलावात मातीमोल भावाने जातात’ हेही ऐकलेलं असतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे, आणि फसवणारे या अर्धवट माहितीवरच पोट भरतात.

आधी मोबाईलवरचा प्रकार. ‘जप्तीच्या गाड्यांचा लिलाव, बुलेट २८ हजार, स्प्लेंडर ९ हजार’ अशी पोस्ट येते. फोन केला की पलीकडचा स्वतःला हवालदार किंवा मुद्देमाल कारकून (जप्त मालाची नोंद ठेवणारा) म्हणवतो, वर्दीतला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो. सुरुवातीला २,१०० रुपये टोकन. मग तीन सिंहांचा शिक्का असलेलं पत्र येतं आणि गेटपासचे ३,५०० मागितले जातात. नंतर आरटीओची एनओसी, नंतर ‘परत मिळणारा’ जीएसटी, शेवटी टेम्पोभाडं. मधेच गाडी टेम्पोत चढवतानाचा व्हिडिओ येतो, तो कुठल्याही गाडीचा असू शकतो. गेटपासनंतर दर वेळी मागितलेली रक्कम आधी गेलेल्या एकूण पैशांपेक्षा कमी असते, म्हणून माणूस ‘एवढे दिलेत, आता एवढ्यासाठी कशाला सोडायचं’ म्हणत देत राहतो. इथे एकच गोष्ट पक्की धरा: सरकारी लिलावाची अनामत कुणा एका माणसाच्या यूपीआय नंबरवर किंवा बचत खात्यात भरायची नसते. ती डिमांड ड्राफ्टने, चलनाने किंवा ई-लिलावाच्या पोर्टलवर भरली जाते.

खरा लिलाव कसा होतो ते कळलं की खोटा ओळखता येतो. गुन्ह्यात जप्त झालेली गाडी पोलिसांच्या मालकीची होत नाही. ती मुद्देमाल असते आणि तिचं काय करायचं ते न्यायालय ठरवतं. मूळ मालकाने अर्ज केला तर ती सहसा बंधपत्र घेऊन सुपुर्दनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करायच्या अटीवर, त्याला परत मिळते. अशा गाड्या पोलीस स्टेशनात वर्षानुवर्षं सडवू नयेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९७ तर मुद्देमालाची यादी आणि फोटो झाल्यावर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायला सांगतं. बेवारस गाड्यांसाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली आधी जाहीरनामा निघतो आणि हक्क सांगायला सहा महिने दिले जातात. म्हणजे कुणी ‘काल पकडली, उद्या लिलाव, आज बुक करा’ म्हणाला तर तिथेच फोन ठेवा.

जाहिरातीतल्या आकड्यालाही भुलू नका. राखीव किंमत ही बोलीची सुरुवात असते. जानेवारी २०२४ मध्ये दाऊद इब्राहिमच्या खेड तालुक्यातल्या मुंबके गावच्या जमिनींचा लिलाव झाला, तेव्हा एका तुकड्याची राखीव किंमत १५,४४० रुपये होती आणि बोली २ कोटी १ लाखावर गेली.

दुसरा प्रकार जास्त जीवघेणा आहे, कारण त्यात लिलाव खरा असतो आणि गाडीही समोर उभी असते. पुष्कळ पोलीस लिलाव गाड्या चालवण्यासाठी नसतातच. पन्नास-शंभर गाड्यांचा ठोक, ‘जशा आहेत तशा, जिथे आहेत तिथे’, भंगार म्हणून आणि फक्त परवानाधारक भंगार व्यापाऱ्यांसाठी. यातलाच कुणी चार-पाच बऱ्या गाड्या वेगळ्या काढतो, बॅटरी-टायर बदलतो, रंग मारतो आणि लिलावाच्या पत्राची झेरॉक्स जोडून विकतो. पत्र अस्सल असतं. पण त्यात ‘स्क्रॅप’ हा शब्द असतो, आणि तो असला की ती गाडी रस्त्यासाठी विकलेलीच नसते. झेरॉक्समध्ये नेमकी तीच ओळ पुसट आलेली दिसली तर मूळ पत्र मागा.

रस्त्यावर चालवण्यासाठी लिलावात घेतलेली गाडी नावावर करायला फॉर्म ३२ लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम ५७ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. सोबत आरसी, विमा, लिलाव करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीचं विक्री कायम केल्याचं पत्र आणि लिलावाला परवानगी देणाऱ्या सरकारी आदेशाची प्रमाणित प्रत. ही पत्रं बोली जिंकणाऱ्याच्या नावाने असतात. त्याने गाडी आधी स्वतःच्या नावावर केली नसेल, तर तुम्ही त्याच पत्रावर अर्ज करू शकत नाही. आणि कुणी ‘लिलावातली आहे’ म्हणत जुन्या मालकाच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३० (मालकाकडून थेट विकत घेतलेली गाडी नावावर करायचे फॉर्म) पुढे करत असेल तर सावध व्हा: लिलावात जुना मालक सही करायला येत नाही. दोन्हींपैकी एक गोष्ट खोटी आहे.

गाडी बघायला जाल तेव्हा रॉकेलचं फडकं घेऊन जा. बाईकचा चेसिस नंबर बहुधा हँडलच्या मानेवर कोरलेला असतो. हँडल पूर्ण वळवा, चिखल पुसा, टॉर्च तिरका धरा. सतरा अक्षरं-आकडे मोजा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. आकड्यांची खोली कमीजास्त, ओळ वाकडी, किंवा तेवढ्याच जागी ग्राइंडरच्या बारीक रेघा आणि ताजा रंग दिसला तर पुढे बोलणीच नकोत. इंजिन नंबरही तसाच पाहा, मग सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून कर्जाचा बोजा, ‘ब्लॅकलिस्ट’ आणि नोंदणीची स्थिती तपासा. चोरीची नोंद एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) ‘वाहन समन्वय’ या ऑनलाइन सेवेत बघता येते. चोरीची गाडी निघाली तर ती पुन्हा मुद्देमाल म्हणून जमा होते, पैसे जातात आणि चोरीचा माल घेतल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली चौकशी तुमचीच होते. तिथे अति स्वस्त भावही तुमच्या विरोधात धरला जाऊ शकतो.

जाहिरात आली तर त्यातल्या नंबरवर फोन करू नका. त्या पोलीस स्टेशनात जाऊन पत्राचा जावक क्रमांक दाखवा आणि जाहीर सूचना कुठल्या पेपरात आली ते विचारा. खऱ्या सूचनेत गाड्यांची यादी आणि पाहणीचा दिवस असतो.

पैसे गेलेच असतील तर पोरांना, बायकोला काय सांगू म्हणून दोन दिवस घालवू नका. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँक किंवा यूपीआय व्यवहाराचा क्रमांक) हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठले तरच मिळण्याची आशा असते. चॅट, पत्र, क्यूआर कोड काहीही डिलीट करू नका. आणि गाडी हातात असून संशय आला असेल तर ती दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका, वकिलाला विचारून कागदांसकट पोलिसांत जा.