दोन मजली घरासाठी बांधकाम पद्धत निवडताना

मराठवाड्यात तळमजला अधिक एक असे घर बांधू पाहणाऱ्यापुढे सध्या तीन पद्धती ठेवल्या जातात: आरसीसी फ्रेम (लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या कॉलम-बीमचा सांगाडा) आणि तिच्यात एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) भिंती, कन्फाइन्ड मेसनरी (काँक्रीटच्या कॉलम-बीमने चारी बाजूंनी बांधून घेतलेली विटांची भिंत), आणि शहरी टॉवरमध्ये रुळलेले मायव्हन (ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती-स्लॅब ओतण्याची पद्धत). केवळ चौरस फुटाचा दर विचारून निवड करण्यापेक्षा निकष ठरवावेत, प्रत्येकाला भारांक, म्हणजे महत्त्वानुसार आकडा, द्यावा आणि प्रत्येक पद्धतीचे गुण त्या भारांकाने गुणून बेरीज करावी. मात्र भारांक दरपत्रके हाती येण्यापूर्वीच घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावेत, नाहीतर मनात आधीच पक्क्या झालेल्या पद्धतीला सोयीचे आकडे मांडले जातात.

भूकंपसुरक्षेला भारांक देऊच नये, असे माझे ठाम मत आहे. बेरजेत एका निकषाची उणीव दुसरा निकष भरून काढतो. कमकुवत भिंतीची भरपाई मात्र स्वस्ताईने होत नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारी परिसरातील भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदे (मातीची सपाट छपरे) झोपलेल्या माणसांवर कोसळली, आणि तो भाग तेव्हाच्या भूकंप-नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. म्हणून अभियंत्याच्या तपासणीत न उतरणारी पद्धत तक्त्यात घेऊच नये.

मायव्हन लवकर बाद होते, कारण ॲल्युमिनियमचे साचे एकाच नकाशाच्या अनेक मजल्यांवर फिरले तरच परवडतात.

उरलेल्या दोहोंतला खरा फरक कामाच्या क्रमात आहे. फ्रेममध्ये कॉलम-बीम आधी आणि भिंत नंतर. कन्फाइन्ड मेसनरीत भिंत आधी रचून तिच्या कडेला विटा आत-बाहेर ठेवून दाते सोडतात व त्यांना लागून कॉलमचे काँक्रीट ओततात, त्यामुळे दोन्ही मिळून भार पेलतात. आयआयटी गांधीनगरच्या संकुलातील वसतिगृहे अशी बांधलेली आहेत.

उदाहरणादाखल खर्चाला 40, गवंड्याच्या सरावाला 30, उष्णतारोधाला 20 आणि वेळेला 10 भारांक धरू. याच क्रमाने पाचपैकी फ्रेमला 3, 4, 4, 4 आणि कन्फाइन्ड मेसनरीला 4, 3, 3, 3 गुण दिले, तर बेरीज 360 आणि 340 येते. पण कन्फाइन्डमधल्या गवंड्याच्या सरावाचा गुण 3 ऐवजी 4 धरताच तिची बेरीज 370 होऊन निकाल उलटतो. सगळा निर्णय या एका आकड्यावर टेकलेला असल्याने तो अंदाजाने भरू नये. गवंड्याचे चालू काम प्रत्यक्ष पाहावे: भिंतीच्या कडेला दाते नीट सोडले आहेत का, आणि कॉलमच्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगांची टोके 135 अंशांत आत वळवली आहेत का, हे तपासूनच गुण द्यावा.