सिंगल वीव्ह ज्युदोगी: ऑफिस सांभाळून मॅटवर जाणाऱ्यांनी कोणती घ्यावी आणि कशी वाळवावी

ज्युदोगीच्या, म्हणजे ज्युदोच्या ड्रेसच्या (थोडक्यात ‘गी’), परीक्षणांत बहुतेक वेळा कापडाचं वजन, ब्रँड आणि स्पर्धेचं लेबल एवढंच सापडतं. ठाण्यात राहून ऐरोली, घणसोली किंवा महापेला नोकरी करणाऱ्या आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी मॅटवर उतरणाऱ्या माणसाचा प्रश्न वेगळा असतो. सोमवारी रात्री घामाने भिजलेली गी बुधवारी संध्याकाळपर्यंत वाळेल का? जुलैत क्लास बुडतो तो एक तर मीटिंग लांबली म्हणून, नाहीतर ड्रेस ओला राहिला म्हणून. मीटिंगवर आपला इलाज चालत नाही. ओल्या ड्रेसवर चालतो, आणि तो बराचसा खरेदीच्या वेळीच करायचा असतो.

निकाल आधीच सांगतो. नोकरी करून शिकणाऱ्याने पहिली दोन वर्षं सिंगल वीव्हच घ्यावी: पूर्ण सुती, ३५० ते ४५० जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), भारतीय बनावटीची. आणि एक नाही, दोन घ्याव्यात. एका बऱ्या डबल वीव्हच्या किमतीत साधारण दोन सिंगल येतात. अडीच हजारांच्या आतली सिंगल गी सरावाला पुरते, तिच्यावर जास्त पैसे घालू नयेत.

दोन्हींत फरक काय, ते आधी पाहू. ज्युदोच्या जॅकेटवर कमरेपर्यंत तांदळाच्या दाण्यासारखी उठावदार वीण असते आणि कमरेखाली चौकटीची, पातळ. सिंगलमध्ये या वीणीत सुताचा भरणा कमी, डबलमध्ये जवळपास दुप्पट. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघ, म्हणजे आयजेएफ, स्पर्धेच्या गीचं कापड ६५० ते ७५० जीएसएमचं मागतो. जाड कापड मुठीत धरणं अवघड जातं आणि ओढाताणीत टिकतं, म्हणून स्पर्धक डबल घालतात. पण तेच जाड कापड पाणी धरून ठेवतं. १७० साइजचा डबल वीव्हचा संच कोरडा असतानाच दोन किलोच्या आसपास भरतो, सिंगलचा साधारण दीड किलो. घामाने त्यात आणखी अर्धा किलो सहज चढतो. लॅपटॉपच्या सॅकबरोबर हे ओझं घेऊन संध्याकाळी ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत उभं राहायचं असेल, तर अर्ध्या किलोचा फरक खांद्याला कळतो.

दुकानात एक घोळ नेहमी होतो. ज्युदोगी मागितली की पुष्कळदा कराटेचा जाड ड्रेस पुढे येतो आणि ‘हाच चालतो’ असं सांगितलं जातं. तो चालत नाही. कराटेचं कापड साधं कॅनव्हास असतं आणि त्याचं वजन औंसात सांगतात: ८ औंस म्हणजे साधारण २७० जीएसएम, १२ औंस म्हणजे ४०० च्या जरा वर. आकड्याने १२ औंसचा कराटे ड्रेस सिंगल ज्युदोगीच्या जवळ जातो, पण तो ओढायला बनवलेला नसतो. त्याची कॉलर बारीक, खांद्यावर दुहेरी थर नाही आणि बाजूला बांधायच्या नाड्या. सेओइ नागे, म्हणजे खांद्यावरून फेकायचा डाव, करताना जोडीदाराने बाही गच्च धरली की आधी काखेची शिवण उसवते. म्हणून वीण बोटाने तपासा. गुळगुळीत लागली तर ते जॅकेट ज्युदोचं नाही. ठाण्यात हवं ते मिळालं नाही तर मुंबईत धोबी तलावच्या खेळाच्या दुकानांत चक्कर मारावी किंवा क्लासच्या सरांना विचारावं. बरेच सर मेरठ किंवा जालंधरहून एकदम माल मागवतात आणि तो दुकानापेक्षा स्वस्त पडतो.

आता माप. ब्लीच न केलेली, सायीच्या रंगाची गी जास्त टिकते आणि जास्त आटतेही. पांढरीशुभ्र, मऊ गी कमी आटते. सुती कापड पाच टक्के आटलं, तर ६० सेंटीमीटरची बाही तीन सेंटीमीटरने आखूड होते. स्पर्धेत बाही मनगटापर्यंत आणि पॅंट घोट्यापर्यंत पोचावी लागते, कारण आखूड बाही म्हणजे समोरच्याला पकड नाकारणं. फार मोठी गीही नको, लोंबणारं कापड म्हणजे जोडीदाराला फुकटची पकड. उंची १६८ सेंटीमीटर असेल आणि गी न आटवलेली असेल, तर १७५ ची घ्या. आटवलेली असेल तर १७०. लेबलवर ‘प्रीश्रंक’ लिहिलेलं असलं तरी दोन-तीन टक्के सोडून चाला. दुकानात घालून दोन्ही हात सरळ वर करा, मग खोल उकिडवे बसा. पॅंट मांडीत आवळली किंवा जॅकेट बेल्टमधून पूर्ण सुटून वर आलं, तर एक माप वर जा. बेल्टची गाठ मारल्यावर दोन्ही टोकं २० ते ३० सेंटीमीटर उरायला हवीत.

पॅंटीच्या गुडघ्यावरचा दुहेरी थर नीट बघा. तो गुडघ्याच्या खाली निदान १०-१२ सेंटीमीटर जायला हवा, कारण ने-वाझा, म्हणजे जमिनीवरची झटापट, करताना मॅटवर घासतो तो नडगीचा वरचा भाग. पॅंट जॅकेटच्या आधी जाते. सुटी पॅंट मिळत असेल तर एक जास्तीची घेऊन ठेवावी. नाडी चपटी, विणलेली असावी. गोल नायलॉनची दोरी घामात सैल पडते आणि सरावात दर दहा मिनिटांनी थांबून ती आवळावी लागते.

सगळ्यात बारकाईने बघायची ती कॉलर. मानेच्या मागे कॉलर अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. आत कापडाचे तीन-चार थर एकावर एक जाणवतात, वर आडव्या शिवणीच्या ओळी असतात. ज्युदोगीची ही सुती कॉलर सगळ्यात शेवटी वाळते. जॅकेट हाताला कोरडं लागतं, आपण घडी घालून सॅकेत टाकतो आणि क्लासमध्ये अंग तापलं की मानेपासून कुबट वास सुटतो. जॅकेट वाळलं की नाही हे छातीवर हात फिरवून ठरवू नका. कॉलर गालाला लावून बघा. गार लागली तर ती ओली आहे.

धुण्याचा क्रम वेळेशी बांधलेला आहे. नऊला क्लास सुटला, घरी यायला दहा वाजले, तर जेवणाआधी गी सॅकेतून बाहेर आली पाहिजे. बादलीत गार पाण्यात दोन वेळा खळबळून काढलं तरी घाम आणि मीठ बरंचसं निघतं. साडेदहाला मशिन लावणं शेजाऱ्यांमुळे जमत नसेल किंवा सोसायटीचं पाणी रात्री जात असेल, तर खळबळून, पिळून रात्रभर पंख्याखाली टांगा आणि सकाळी पाणी आल्यावर मशिनला लावा. टायमर लावून ओली गी ड्रममध्ये रात्रभर सोडू नका, तिथेच तिला कुबट वास धरतो. मशिनमध्ये गार पाणी, नेहमीच्या निम्मी पावडर किंवा लिक्विड, एक जास्तीचं रिन्स आणि शेवटी स्पिन दोनदा. या दुसऱ्या स्पिनचा फायदा मोठा आहे, विशेषतः टॉप लोड मशिनमध्ये. साडेसहा किलोच्या मशिनमध्ये एका वेळी एकच गी घाला. दोन घातल्या की ड्रम एका बाजूला कलतो, मशिन थडथडायला लागतं आणि स्पिन अर्धवट राहतं. फॅब्रिक कंडिशनर टाळा, त्याचा थर सुतावर बसतो आणि घाम टिपला जात नाही. ब्लीचही नको, त्याने सूत कमजोर होतं आणि काखेतले डाग पांढरे होण्याऐवजी उलट पिवळे पडू शकतात. वास बसलाच असेल तर अर्धी बादली पाण्यात एक कप पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखं धुवा. व्हिनेगर आणि ब्लीच चुकूनही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. रंगीत बेल्ट वेगळा धुवा, नाहीतर जॅकेट गुलाबी होईल.

वाळवताना साधा हँगर उपयोगाचा नाही, खांद्याचे थर एकमेकांना चिकटतात. काठी किंवा पाइप दोन्ही बाह्यांतून आरपार घाला, जॅकेट उलटं करा आणि कॉलर उघडी, पंख्याकडे तोंड करून ठेवा. छताला पुलीचं स्टँड असेल तर मधला एक दांडा रिकामा सोडून टांगा, म्हणजे हवा फिरते. उन्हाळ्यात गॅलरीत सिंगल वीव्ह दुपारपर्यंत वाळते. पावसाळ्यात, बंद खोलीत, पंख्याखाली साधारण एक दिवस लागतो आणि कॉलरला त्याहून थोडा जास्त. डबल वीव्हला त्याच खोलीत दीड ते दोन दिवस. म्हणजे सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या वेळापत्रकात डबल गी बुधवारी जेमतेम तयार होते, आणि गुरुवारचा जादा क्लास लागला की गणित फिसकटतं. दोन सिंगल असल्या की हा प्रश्नच उरत नाही. एसीच्या खोलीत रात्री टांगली तर अजून लवकर वाळते, कारण एसी हवेतला दमटपणा ओढून घेतो.

सकाळची सहाची बॅच करून थेट ऑफिसला जाणाऱ्यांची अडचण याहून मोठी. ओली गी दहा-बारा तास सॅकेत कोंडली तर संध्याकाळी नुसता वास येत नाही, काही आठवड्यांत कॉलरवर काळ्या ठिपक्यांची बुरशी धरते आणि ती पुन्हा निघत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधू नका. जाळीच्या पिशवीत सैल ठेवा आणि ऑफिसला लॉकर असेल तर तिथे उलगडून टांगा. तेही शक्य नसेल तर सकाळच्या बॅचसाठी पॉलिएस्टर मिसळलेली हलकी गी घ्यावी. ती लवकर वाळते. पण तिला वास लवकर धरतो आणि ओढाताणीत ती कमी टिकते, म्हणून एरवी तिची शिफारस करत नाही.

अर्धवट ओली गी घालून सराव करू नये, हे ठासून सांगायला हवं. ओल्या कापडाने काख आणि मांड्या सोलवटतात आणि गजकर्णाला आयतं घर मिळतं. गोल, खाजणारा, कडेने लाल चट्टा दिसला तर क्लास थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मेडिकलवाल्याकडून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावलं तर चट्टा आधी फिका पडतो आणि मग जास्त पसरतो. अशा वेळी गी एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवावी. ती थोडी आटेल, ते चालवून घ्यावं. जोडीदाराच्या अंगावर गजकर्ण गेलं तर सगळी बॅच आजारी पडते.

सिंगल वीव्हची उणीवही आहे. नियमित रांदोरी, म्हणजे जोडीदाराशी मोकळी लढत, केली तर वर्षा-दीड वर्षात कॉलर आणि छातीच्या जोडावर कापड विरतं. उजेडासमोर धरल्यावर तिथून प्रकाश दिसायला लागला की ती गी फक्त उकेमी (पडण्याचा सराव) आणि उचीकोमीसाठी (न फेकता डावाची पुनःपुन्हा उजळणी) ठेवा. काखेची उसवलेली शिवण दुरुस्त होते, पण शर्टाच्या टेलरकडे नको. जीन्स किंवा बॅगा शिवणाऱ्याकडे जा, त्याच्या मशिनची सुई हे थर पेलते. जुन्या पॅंटीचा तुकडा आतून लावून दुहेरी शीव मारून घ्या. नवीन जॅकेटवरही काखेत आणि बाजूच्या चिरेच्या टोकावर अशी शीव आधीच मारून घेतली तर ते बरंच जास्त टिकतं.

डबल वीव्ह कोणी घ्यावी? ज्याला येत्या वर्षात स्पर्धा खेळायची आहे त्याने. मापाची आणि लेबलची अट किती कडक आहे, निळी गी लागेल का, हे सरांना आधी विचारून घ्या. आयजेएफची मान्यता असलेली गी बरीच महाग पडते आणि प्रत्येक स्पर्धेला ती लागतेच असं नाही. घेतलीत तर रोज वापरू नका. स्पर्धेच्या आधीचे तीन-चार आठवडे, आठवड्यातून एकदा घाला, म्हणजे जाड कापडातली पकड आणि उष्णता अंगवळणी पडते.

खरेदी एप्रिल-मेमध्ये करा. नव्या सिंगल गीला दोन-तीन धुण्यांत पूर्ण आटू द्या, प्रत्येक वेळी बाही मोजा आणि जास्त लांब राहिली तर एकदा कोमट पाण्यात धुवा. जूनमध्ये पाऊस सुरू होईपर्यंत माप पक्कं झालेलं असेल आणि कॉलर मऊ पडून मानेला घासायची थांबलेली असेल.