जुन्या संगणकातील दोन हार्ड डिस्क: नवी पेठेतील दुरुस्तीचा अनुभव

आमच्या चादरींच्या घरगुती व्यवसायाचे पंधरा वर्षांचे हिशेब ८० जीबीच्या एका आयडीई (रुंद पट्टीसारख्या केबलने जोडायच्या जुन्या प्रकारच्या) हार्ड डिस्कवर आहेत. ती संगणकाला दिसेनाशी झाली, तेव्हा एका तंत्रज्ञाने संगणक न उघडताच ‘डिस्क गेली’ असे सांगितले. त्यानंतर तो संगणक मी सोलापुरातील नवी पेठेतील एका छोट्या दुकानात नेला. तेथील कामाबद्दल आवर्जून लिहावे असे आहे.

दुकानदारांनी प्रथम केबल तपासली. डीव्हीडी ड्राइव्ह बदलताना कोणीतरी तो हार्ड डिस्कच्याच केबलवर जोडला होता आणि दोन्हींचे जंपर (पिनांवर बसवायच्या छोट्या टोप्या) ‘मास्टर’वर, म्हणजे केबलवरील पहिल्या उपकरणाच्या जागी, राहिले होते. एका केबलवर एक मास्टर आणि एक स्लेव्ह, म्हणजे दुसरे उपकरण, असावा लागतो. दोन्ही मास्टर असले, तर बायोसला (संगणक सुरू होताना उपकरणे ओळखणाऱ्या प्रणालीला) कधी एकच सापडतो, कधी एकही नाही. त्यांनी डीव्हीडीचा जंपर स्लेव्हवर आणला, ८० तारांच्या केबलचे निळे टोक मदरबोर्डला, मधला करडा कनेक्टर डीव्हीडीला आणि शेवटचा काळा हार्ड डिस्कला जोडला. सगळे हिशेब जसेच्या तसे पडद्यावर आले, तेव्हा माझ्या वडिलांना किती हायसे वाटले, ते शब्दांत सांगता येणार नाही.

खरे कौशल्य पुढे दिसले. प्रत ठेवण्यासाठी घेतलेली ५०० जीबीची साटा (आयडीईनंतरच्या जोडणीची) डिस्क मदरबोर्डला ओळखताच येईना. बोर्डावर व्हीआयए कंपनीची व्हीटी८२३७ ही चिप आहे आणि सेकंदाला ३ गिगाबिट वेगाच्या डिस्कशी तिचे जुळत नाही, हे त्यांना ठाऊक होते. डिस्कच्या मागील पिनांवर जंपर बसवून त्यांनी वेग १.५ गिगाबिटवर आणला. विंडोज एक्सपीला सर्व्हिस पॅक १ या सुधारणा-संचाशिवाय १३७ जीबीपुढची जागा वापरता येत नाही, म्हणून तेही आधीच पाहून घेतले. बायोसमध्ये बूटसाठी (संगणक सुरू करण्यासाठी) जुनी डिस्क पहिली ठेवली आणि ही मांडणी पुसली जाऊ नये म्हणून सीआर२०३२ बॅटरीही बदलली.

एक उणीव मात्र राहिली. दोन्ही डिस्क एकमेकींना चिकटून बसवल्या होत्या. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हे योग्य नाही. मी सांगितल्यावर त्यांनी लगेच मधला एक कप्पा मोकळा सोडला. जंपरची मांडणी बिलावर लिहून दिली असती, तर अधिक बरे झाले असते. मजुरी ४५० रुपये घेतली, ती मला रास्त वाटली.