काजू, दाणे की तीळ? दह्याशिवायचं ड्रेसिंग

आमची मुलगी दोन वर्षांपूर्वी व्हीगन झाली, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीही खायचं नाही. दूध, तूप, पनीर गेलं ते एकवेळ चालून गेलं. पण दही गेल्यावर पानाची डावी बाजू एकदम ओकीबोकी दिसायला लागली. काकडी, गाजर, कोबी नुसतं चिरून किती दिवस खाणार? तेव्हापासून सॅलडवर घालायचं ड्रेसिंग हे खातं माझ्याकडे आहे.

तेल, लिंबू, मीठ, मिरपूड बाटलीत घालून खळखळवलेलं पातळ ड्रेसिंग सगळ्यांना येतं, त्यात मी वेळ घालवत नाही. नारळाचं दूधही लगेच बाजूला काढतो, फ्रिजमध्ये गोठतं आणि गार सॅलडवर त्याचे कण दिसतात. शिजवलेल्या छोल्यांचं पाणी घुसळून मेयोनीज होतं, खरंच होतं, पण त्याला तेल इतकं लागतं की सॅलड खायचं कारणच उरत नाही. उरतात तीन उमेदवार: काजू, शेंगदाणे आणि तीळ. तिन्ही मी वर्षभर आलटूनपालटून केलीत. मोजमाप काही केलेलं नाही. जीभ, आणि भांडी घासणारे हात (तेही माझेच), एवढ्यावर हे लिहितोय.

नुसत्या चवीवर निकाल लावायचा तर काजू जिंकतात. त्यांना स्वतःचा हट्ट नाही. लसूण घाला, लसणाचे होतात. पुदिना घाला, पुदिन्याचे होतात. गरम पाण्यात अर्धा तास भिजवलेले काजू लिंबू, मीठ आणि पाव चमचा फेसलेल्या मोहरीबरोबर वाटले की दह्याच्या इतकं जवळ जातं की पाहुण्यांना सांगावं लागतं. अख्खे पांढरे काजू मात्र यासाठी आणू नका. वाटायचेच आहेत तर तुकडा आणा, कोकणात कुणी असेल तर पाकळी मागवा, चवीत तसूभर फरक पडत नाही. काजूत पिष्ट बरंच असतं, त्यामुळे ड्रेसिंग रात्रभरात घट्ट होतं. सकाळी चमचाभर पाणी घालून सैल करायचं, त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही.

तक्रार चटणीच्या भांड्याची आहे. आम्ही घरात तिघं. एका वेळच्या सॅलडला पाव वाटी काजू पुष्कळ. पण पाव वाटी काजू मिक्सरच्या छोट्यात छोट्या भांड्यात घातले तरी पातं दोन फेऱ्यांत त्यांना भिंतींवर भिरकावतं आणि मग स्वतः मोकळंच गरगरत बसतं. झाकण काढा, चमच्याने खाली लोटा, परत फिरवा. परत झाकण काढा. पाचव्या खेपेला मिळतं ते रवाळ. पाणी वाढवलं तर पातं पकड घेतं खरं, पण मग ड्रेसिंग ताकासारखं पातळ. मऊसूत हवं तर वाटीभर काजू घेण्यावाचून इलाज नाही, आणि वाटीभर काजूंचं ड्रेसिंग म्हणजे मोठी बाटली. पहिल्या दिवशी सगळे बोटं चाटतात. दुसऱ्या दिवशी ‘छान आहे’. तिसऱ्या दिवशी बाटली फ्रिजच्या दारातून आतल्या कप्प्यात सरकते. माझ्या अनुभवात ४ दिवसांच्या पुढे तिचा वास बदलतो, आणि मग महागाचे काजू सिंकमध्ये ओतताना जे वाटतं ते वाटतं. वर पात्याच्या खाली अडकलेला तो चिकट थर. जुना टूथब्रश घेऊन तो मी इतक्या वेळा काढला आहे की काजूचं नाव काढलं तरी आधी तो टूथब्रश आठवतो.

शेंगदाण्यांचं उलट. कूट डब्यात तयारच असतं, मिक्सर लागतच नाही. खमंग काकडीला तूप-जिऱ्याऐवजी तेलाची फोडणी दिली की ती जशीच्या तशी व्हीगन. ‘व्हीगन’ हा शब्द निघाला १९४४ साली, इंग्लंडात. आपल्या आज्यांना त्याचा पत्ताही नव्हता आणि त्या हे करतच होत्या. म्हणून पहिले दोन महिने मी कुटावरच काढले. कूट, लिंबू, चिमूट साखर, पाणी. पण कूट ड्रेसिंग होत नाही, ते कूटच राहतं. काकडीला पाणी सुटलं की ते वाहून वाडग्याच्या तळाशी जाऊन बसतं. कोशिंबिरीत ते चालतं, किंबहुना तळचं ते पाणी मला आवडतंही. लेट्यूसच्या पानावर मात्र नुसती ओली वाळू.

दाणे तेल सुटेपर्यंत वाटले तर गोष्ट वेगळी. सोलापूरची शेंगदाण्याची चटणी उखळात तेल सुटेस्तोवर कुटतात, तोच प्रकार, फक्त आणखी पुढे न्यायचा. किंवा पीनट बटर आणायचं, बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून, कारण बऱ्याचदा त्यात साखर आणि पामतेल असतं. त्यात चिंचेचा कोळ, गूळ, आलं, हिरवी मिरची घातली की फार झकास लागतं. इंडोनेशियात गाडो-गाडो नावाच्या सॅलडवर दाण्याचं असंच दाट वाटण ओततात, आणि उकडलेल्या भाज्यांवर त्याला तोड नाही. अडचण एवढीच की दाणा दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही. कोथिंबीर घातली तरी दाणा, लसूण घातला तरी दाणा. आठवड्यातून एकदा उत्तम. रोज खाल्लं तर सॅलड खातोय की चटणी, असं होतं. शिवाय पावसाळ्यात दाणे खवट निघण्याची धास्ती. एकच खवट दाणा अख्खी बाटली बिघडवतो.

आता तीळ. लेबनॉन, पॅलेस्टाइनकडे ताहिनी म्हणतात ती हीच, तिळाची पेस्ट. संक्रांत झाली की आपल्याकडे तिळाचा डबा मागच्या फळीवर जातो, म्हणून मलाही हे उशिराच सुचलं. पांढरे, पॉलिशचे तीळ घ्यायचे, सालासकटचे कडवट लागतात. मंद आचेवर, रंग बदलायच्या आधीच उतरवायचे. लाडवासाठी भाजतो तितके खमंग केले तर ड्रेसिंग कडू होतं, हे मी एक अख्खी वाटी वाया घालवून शिकलो. गार झाले की दोन वाट्या तीळ मिक्सरला लावायचे. आधी भुकटी होते, मग गोळा होतो, मग धीर धरला तर वाहायला लागतं, कारण तिळात जवळपास निम्मं तेलच असतं. दोन-तीन चमचे गोडेतेल वरून घातलं की लवकर सुटतं. मिक्सर तापतो, म्हणून थांबत थांबत.

म्हणजे मिक्सर इथेही आहे, भांडं घासणंही आहे. पण महिन्यातून एकदा. काजू वाटताना पाणी घालावंच लागतं आणि पाणी पडलं की त्या बाटलीचे दिवस मोजायला सुरुवात होते. तिळाच्या पेस्टमध्ये पाण्याचा थेंब नसतो. कोरडा चमचा घातला तर ती फ्रिजमध्ये महिनाभर आरामात राहते, निदान आमच्याकडे राहिली आहे. पाणी पडतं ते जेवायच्या ५ मिनिटं आधी, वाडग्यात, तिघांपुरतं. दोन मोठे चमचे पेस्ट, अर्ध्या लिंबाचा रस, किसलेला लसूण, मीठ, गुळाचा खडा लिंबाच्या रसात विरघळवून (मध चालत नाही, विसरू नका). चमच्याने फेटायचं. घासायला एक वाडगा, एक चमचा.

इथे एक धोका सांगतो, नाहीतर पहिल्याच दिवशी मला शिव्या द्याल. लिंबाचा रस पडल्या पडल्या पेस्ट सैल व्हायच्या ऐवजी आवळून येते, भिंतीला लावायच्या लांबीसारखी. पहिल्यांदा मला वाटलं फाटलं, आणि ओतून दिलं. फाटलेलं नसतं. तेलात तरंगणारे तिळाचे कण थोडं पाणी मिळालं की एकमेकांना चिकटतात. आणखी पाणी मिळालं की सुटतात आणि तेलच पाण्यात मिसळून जातं. तेव्हा घाबरायचं नाही, गार पाणी चमचा-चमचा घालत फेटत राहायचं. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला रंग एकदम फिका पडतो आणि वाडग्यात साय धरल्यासारखं दिसतं. हे बघायला मला अजून मजा येते.

चवीत तीळ काजूंची बरोबरी करतात असं मी म्हणणार नाही. मागे एक हलका कडसरपणा राहतोच. लहान मुलांना तो कळतो आणि आवडत नाही. कोवळ्या लेट्यूसवर, फळं घातलेल्या सॅलडवर काजूच बरे. पण रोजच्या बारीक चिरलेल्या कोबीवर, मोड आलेल्या मुगांवर, भाजलेल्या लाल भोपळ्यावर तीळ मला काजूंपेक्षा जास्त शोभतात, आणि काकडीचं पाणी सुटलं तरी वाहून जात नाहीत. उलट ते पाणी ओढून घेऊन नेमकं हवं तितकं सैल होतं.

तुमच्याकडे ताकदीचा ब्लेंडर असेल किंवा पंगतीला आठ-दहा माणसं असतील तर माझी सगळी तक्रार निकामी आहे, खुशाल काजू घ्या. बाटली एका दिवसात संपत असेल तर ४ दिवसांचा हिशोब कशाला? घरी रोज कूट होत असेल आणि लेट्यूस आणतच नसाल, तर दाण्यांवरून हलायचीही गरज नाही. बाहेरचं कुणी जेवायला असेल तर मात्र तिन्हींपैकी काहीही वाढण्याआधी विचारा, काजू, दाणे, तीळ तिन्हींची ॲलर्जी असणारे लोक असतात.

आमच्याकडे सध्या फ्रिजच्या दारात तिळाची बाटली आहे. मुलगी अजूनही काजूवालंच मागते. तिच्या वाढदिवसाला करतो. त्या दिवशी भांडं तिने घासायचं, असं ठरलंय.